तिघांचा सैपाक

यवतमाळला कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. पाटी लावलेली नाही. पाटीवर काय लिहायचं यावरून माझं आणि नवऱ्याचं भांडण चाललं होतं, ते मिटायच्या आधीच तो गेला. आता मी माझ्या मनासारखी पाटी लावली तर मी जिंकल्यासारखं होईल, म्हणून भिंत कोरीच ठेवली आहे. लोकांना खानावळ बरोबर सापडते. ज्युनिअर वकील येतात, कारकून येतात, घाटंजी-मारेगावकडून तारखेला आलेली माणसं येतात. वरण, भात, पोळी, एक रस्साभाजी, एक सुकी. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ताटात अन्न टाकून उठायची हिंमत कोणी करत नाही.

जेलचे एक साहेब माझ्याकडून डबा न्यायचे. तरुण होते, बदलीवर आलेले, घरची माणसं दूर. कधी वेळ मिळाला तर खानावळीतच बसून जेवायचे आणि जेवता जेवता जेलचंच बोलायचे. त्यांच्या डोक्यात एकच भुंगा होता. माणूस शिक्षा भोगून सुटतो, गेटबाहेर पाय ठेवतो, आणि पुढं काय करायचं हे त्याला माहीत नसतं. मग काहीजण फिरून आत येतात. शिवणकाम, सुतारकाम त्यांनी चालू केलंच होतं. आता त्यांना सैपाकाचा वर्ग पाहिजे होता, आणि तो मी घ्यावा असं त्यांचं म्हणणं. मला वेळ नाही म्हणून मी दोनदा झटकलं. पण धुतलेला, कोरडा पुसलेला डबा परत करणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नव्हता. अशा माणसाला किती वेळा नाही म्हणणार? मंगळवारी दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की मी जेलात जायला लागले.

पहिल्याच दिवशी माझं डोकं फिरलं. तिथला सैपाक मोठाल्या गंजांमध्ये, म्हणजे पातेल्यांमध्ये, उभं राहून, वल्हं मारावं तसं ढवळायचा. ते ठीक. पण चाकू? चाकू टेबलाला साखळीनं बांधलेले. वीतभर साखळी, तिच्यात सांबार बारीक कसं चिरायचं मला सांगा. सांबार म्हणजे कोथिंबीर हो, इडलीसोबतचं नाही. मी साहेबांना तिथंच सुनावलं की मला वर्ग घ्यायचा असेल तर चाकू मोकळे पाहिजेत, नाही तर मी चालले. त्यांनी वरून परवानगी आणली आणि वर्गापुरत्या साखळ्या काढल्या. एक नियम मात्र राहिला, आणि तो राहायलाच पाहिजे होता. काम झालं की प्रत्येकानं चाकू धुवायचा, पुसायचा, मूठ पुढं करून शिपायाच्या हातात द्यायचा आणि उभं राहायचं. शिपाई ‘जमा’ म्हणाला की हलायचं. एक चाकू जरी कमी भरला तरी दार बंद, आणि सगळे उकिडवे खाली बसणार, तो सापडेपर्यंत.

दुसऱ्या मंगळवारी मी विचारलं की तुम्हाला काय काय शिकायचं आहे ते बोला. कोणी तर्रीपोहे म्हणालं, कोणी बिर्याणी, एकाला हातगाडी टाकायची होती म्हणून आलूवडा. मागच्या बाजूला एक पन्नाशीकडे झुकलेला माणूस उभा होता, उंच, वाकलेला. तो म्हणाला, “मले तिघांचा सैपाक शिकवा, काकू.”

बाकीचे हसले. मलाही हसू आलं, म्हटलं त्यात काय शिकवायचं. पण तो हसत नव्हता. मग हळूहळू कळलं. आधीच्या मोठ्या जेलात त्यानं सगळी वर्षं रांधणीवर काढली होती, शेकडो माणसांचं वरण तो एकटा बघायचा. शिक्षा सरत आली म्हणून इकडे हलवलेला. त्याच्या आधी, घरी असताना, त्यानं चहासुद्धा केलेला नव्हता. घाटंजीकडच्या एका गावात बायको आणि मुलगी. आणि बायकोनं आपल्या भावाच्या हाती निरोप धाडला होता की सुटल्यावर सरळ घरी यायचं नाही. आधी बाहेर कुठं काम करून दाखवा. मग मी नि पोरगी येऊ, तुमच्या हातचं जेवू, आणि मग काय ते सांगीन. हातचं जेवायचं कायले, तर तिचं म्हणणं असं की माणूस रागात आहे की शांत आहे हे तिला त्यानं वाढलेल्या ताटावरून कळतं.

साहेबांनी मला त्याचा गुन्हाही सांगितला, कारण तो सुटल्यावर मी त्याला कामाला ठेवावं असं त्यांच्या मनात होतं आणि मला अंधारात ठेवणं त्यांना पटत नव्हतं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, चुलतभावाशी भांडण झालेलं. हातात गवत कापायचा विळा होता, तो चालवला. भाऊ वाचला, पण उजव्या हाताची बोटं गेली. बायको तिथंच धुऱ्यावर उभी होती. मी म्हटलं, आधी शिकवू तर द्या मला.

तो सुटला तेव्हा साहेब स्वतः त्याला माझ्याकडे घेऊन आले. राहायला मागची कोठी दिली. पहिल्या दिवशी मी त्याला वरणाची डाळ चढवायला सांगून बाजारात गेले आणि परत येऊन पाहते तर काय, खानावळीतले तिन्ही मोठे गंज काठोकाठ वरणानं भरलेले! डाळीचा डबा रिकामा. मी आधी ओरडले, मग कपाळाला हात लावून बसले. त्या दिवशी कोर्टासमोरच्या सगळ्या ऑटोवाल्यांना फुकट वरणभात मिळाला आणि काकूच्या घरी काय कार्य आहे असं ते एकमेकांना विचारत होते. त्याला विचारलं की भाऊ, असं काहून केलं, तर मान खाली घालून म्हणाला की हात तेवढाच जाते.

तेव्हापासून शिकवणी सुरू झाली. माझ्या नव्या संसारातला एक लहानसा गंज होता, मी, नवरा आणि सासू एवढ्यांचा. तो माळ्यावरून काढला. दुपारची गर्दी गेली की त्यानं त्यात तिघांचं करायचं आणि तो, मी आणि आमची भांडेवाली बाई, असं तिघांनी ते जेवायचं. देवा रे! पहिल्या दिवशी मीठ तोंडात धरवेना. जेलात मीठ पसाभर टाकायची सवय, त्याला चिमूट म्हणजे काय हेच कळत नव्हतं. मी त्याच्या तळहातावर मीठ ठेवून चिमूट दाखवली. त्याची बोटं एवढी जाड, त्याची चिमूट म्हणजे माझा अर्धा चमचा. भांडेवाली बाई रोज म्हणायची की मी घरूनच खाऊन येत जाईन. पण जमत गेलं. कधी भात दोघांचा व्हायचा आणि भाजी पाचजणांची, पण जमत गेलं.

एक गोष्ट मात्र त्याची सुटेना. काम संपलं की चाकू धुवायचा, पुसायचा, आणि माझ्या गल्ल्यापाशी येऊन मूठ पुढं करून उभा. पहिल्या दिवशी मला वाटलं उचल मागतो आहे. मी म्हटलं ठेवा तिकडे फळीवर. ठेवेना. हातात घेतला तरी हलेना. शेवटी मी चिडून “जमा” म्हटलं तेव्हा गेला. किती वेळा सांगितलं की भाऊ, हे जेल नाही, ही माझी खानावळ आहे. हो काकू म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मीच सवय करून घेतली. हिशेब करता करता डावा हात पुढं करायचा, चाकू घ्यायचा, जमा म्हणायचं.

आणि मग तो दिवस आला. ऐन जेवणाची वेळ, वीसेक माणसं पंगतीला, आणि चाकू सापडेना. मी मागच्या अंगणात पोळ्यांवर लक्ष ठेवून होते. समोरून शटरचा आवाज आला म्हणून हातात डाव घेऊन धावले. यानं शटर खाली ओढलेलं, त्याला पाठ लावून उकिडवा बसलेला, आणि मोठ्यानं पण अगदी अदबीनं सांगतो आहे की कोणी उठू नका, चाकू जमा व्हायचा आहे. माणसं हातात भाताचा घास धरून तशीच बसलेली. एका वकिलाचा पुकारा व्हायची वेळ झालेली, तो तर थयथयाट करत होता. चाकू निघाला कोबीच्या पानांच्या टोपलीत. मी शटर वर केलं आणि त्याच्यावर तोंड सोडणार, तर पाहते तो अजून तसाच बसलेला, हात गुडघ्यांवर, मान खाली. गिनतीला बसतात तसा. माझा राग कुठच्या कुठं गेला.

लोकांना मात्र कळायचं ते कळलं. हा आतून आलेला आहे का, असं त्या वकिलानं मला सगळ्यांसमोर विचारलं. मी म्हटलं हो, आणि तुमच्या ताटातली भाजी त्यानंच केली आहे, ती तुम्ही दोनदा मागून घेतली. तो आणि त्याच्यासोबतचे दोघं पुन्हा आले नाहीत. नाही आले तर नाही आले. पण बातमीला पाय फुटले. तारखेला आलेली माणसं संध्याकाळच्या एसटीनं गावोगाव गेली, आणि घाटंजीकडे पोचेपर्यंत गोष्ट अशी झाली की यवतमाळला खानावळीत एका कैद्यानं चाकू दाखवून लोकांना कोंडलं.

त्याला हे कोणीतरी सांगितलं. दोन दिवस तो जेवला नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला की काकू, आता ती येत नाही. मला त्याची एवढी दया आली की मी त्याच्यावरच डाफरले.

साहेबांच्याही कानावर गेलं. ते आले, शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की आम्ही जे शिकवलं तेच त्यानं केलं, आम्ही ते सोडवायला शिकवलं नाही. त्यानंतर त्यांनी जेलात एक बदल केला. ज्यांची सुटका जवळ आली आहे त्यांनी शेवटचे काही आठवडे चाकू कोणाच्या हातात द्यायचा नाही, आपणच खणात ठेवायचा आणि आपणच आपल्या जागी जायचं. शिपाई नंतर येऊन मोजेल. ऐकायला लहान वाटतं. पण मी त्या मंगळवारी पाहिलं, एक माणूस चाकू खणात ठेवून दोनदा मागं फिरून आला, कोणी काही म्हणतं का बघायला.

आणि एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक बाई उभी दिसली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. आत येईना. मला हातानं बाहेर बोलावलं. मी ओळखलं. तो तेव्हा बाजारात गेलेला होता, आणि ती त्याला जाताना पाहूनच पुढं आली असावी. तिनं ना चहा घेतला ना पाणी. सरळ विचारलं, “हातात चाकू देता तुम्ही त्यायच्या?”

मी म्हटलं, खानावळ आहे बाई, कांदे काय दातांनी चिरू? बोलून गेले आणि मग जीभ चावली. तिला जे खरं झालं ते सगळं सांगितलं, शटर, कोबीची पानं, वकिलाच्या हातातला घास. ती हसली नाही. मग ती बोलली, आणि एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. तो दिवस झाल्यापासून घरातल्या पावशीला, म्हणजे पुण्याकडचे विळी म्हणतात तिला, तिनं एकदाही धार लावली नव्हती. धारवाला गल्लीत आला की दार लावून घ्यायची. आलू दाबून दाबून कापायचे, वांगी हातानं फोडायची. धार पाहिली की तिला धुरा दिसतो. पोरगी म्हणते बाबाले घरी आणू. माणूस वाईट नव्हता, हे तिलाही माहीत होतं. पण त्याच्या हातात धारेची वस्तू दिसली तर आपण काय करू, पळू की ओरडू, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. जाताना ती म्हणाली की येत्या रविवारी पोरीला घेऊन येते, त्याले सांगा.

रविवारी खानावळ बंद असते. त्यानं पहाटेच उठून फरशी दोनदा पुसली. पातोडीचा रस्सा करायचं ठरवलं होतं, ज्वारीची भाकर, भात. मी म्हटलं जरा सोपं काही करा, तर नाही. बेसन शिजवून थापलं, चाकूनं वड्या पाडल्या, एकसारख्या. लहान गंज चुलीवर चढवला. मी मध्ये पडायचं नाही असं ठरवून गल्ल्यापाशी परातीत तांदूळ निवडत बसले. निवडायला काही नव्हतं त्यात, दुकानातून निवडलेलेच आणलेले.

दोघी आल्या. मुलगी कॉलेजात जाणारी, बापासारखी उंच. तिनं बापाला वाकून नमस्कार केला, आणि त्याला हात कुठं ठेवावा कळेना. त्यानं दोन ताटं मांडली. मी डोळे वटारून पाहिलं, पण त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. वाढलं आणि भिंतीशी उभा राहिला. बायकोनं भाकर मोडली, रश्शात बुडवली, तोंडात घातली. मी तांदळातून मान वर केली. आपल्या पोराचा निकाल असावा तसं मी तिच्या तोंडाकडे बघत होते.

“मीठ बरोबर हाय,” ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं की तुमचं ताट कुठं आहे. तो तिसरं ताट घेऊन आला आणि जरा लांब बसला. पोरगी सरकून त्याच्या बाजूला गेली. तिघं जेवले. पोरीनं एकदा भात मागितला. आणि गंज कोरडा झाला, अगदी तिघांपुरतंच झालं होतं. मला कोणी विचारलं नाही आणि माझ्यासाठी उरलंही नाही.

जेवण झाल्यावर सवयीनं त्यानं भांडी गोळा केली, चाकू धुतला, पुसला, आणि माझ्यासमोर येऊन मूठ पुढं केली. मी हात काढला नाही. दोन्ही हात तांदळात तसेच ठेवले आणि म्हटलं, “माझे हात भरले आहेत. तिकडे द्या.” मुद्दाम केलं का? हो, मुद्दामच केलं. आणि बोलल्याबरोबर मला वाटलं, काय करून बसलीस बाई तू!

तो वळला. बायको नळाजवळ हात धूत उभी होती. तिनं चाकू पाहिला आणि तिचे हात पाण्याखाली तसेच राहिले. पोरीनं आईचा पदर धरला. तो दोन हात लांब थांबला, पातं आपल्याकडे, मूठ तिच्याकडे, मान खाली. नळ वाहत होता आणि कोणी बंद करत नव्हतं.

शेवटी तिनंच नळ बंद केला. पदराला हात पुसले, सावकाश, एकेक बोट. आणि चाकू घेतला. पात्यावरून अंगठा फिरवला, बाया भाजी चिरायच्या आधी फिरवतात तसा, आणि मागच्या फळीवर ठेवून दिला. तो मात्र तिथंच उभा. तिनं माझ्याकडे पाहिलं, हा असा काहून उभा म्हणून. मी सांगितलं की जमा म्हण बाई, त्याशिवाय ते हलत नाहीत.

ती जमा म्हणाली नाही. पिशवी उचलून काखेला लावली आणि त्याच्याकडे पाहून म्हणाली, “घरच्या पावशीले धार नाही राह्यली. उद्या या, अन् लावून द्या.”

तो हलला. पुढं काय झालं ते मला नीट दिसलं नाही, कारण मी परातीत मान घालून रडत होते आणि भांडेवाली बाई असती तर जन्मभर हसली असती. दुसऱ्या दिवशी तो पहिल्या एसटीनं घाटंजीकडे गेला, आणि कांदे मला चिरावे लागले.